अपघात विभागातील परिचारिका : एका अनामिक सेवेचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानात राजे, लढाया आणि तह यांचे वर्णन अपेक्षित असते. मी मात्र आज रुग्णालयातील एका खोलीविषयी बोलणार आहे. तिला आपण अपघात विभाग किंवा कॅज्युअल्टी म्हणतो. रुग्ण तेथे पोहोचला की प्रथम पुढे होते ती परिचारिका. डोईफोडियासारख्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर वसलेल्या गावाला त्या खोलीचे मोल वेगळे सांगावयास नको.

आपल्या बऱ्हाणपुरातच 1631 साली मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात निवर्तली. तापीच्या पलीकडे जैनाबादेस तिचे पहिले दफन झाले. बादशहाच्या पदरी हकीम होते, दायाही असतील. परंतु प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ओळखणारे, त्यावर तत्काळ उपाय करणारे शिक्षित हात आणि परिणामकारक औषध यांची जोड त्या काळी जगात कोठेच नव्हती. आज खेड्यातील बाईला ऑक्सिटोसिनचे साधे इंजेक्शन वेळेवर मिळाले, तर तोच धोका पुष्कळदा टळतो. हा फरक संपत्तीमुळे पडलेला नाही. तो विद्येने आणि तत्परतेने घडविला आहे.

ही विद्या स्त्रियांच्या हाती यावयास फार काळ लागला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय 1845 साली सुरू झाले, स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय 1886 साली. 1891 मध्ये प्रशिक्षणास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत आद्य भारतीय परिचारिका म्हणून आढळते. परक्याचे मलमूत्र काढणे, परपुरुषाला स्पर्श करणे, रात्री घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी तत्कालीन समाजाला असह्य होत्या. 1909 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, विधवांना या शिक्षणाकडे वळविले. त्या काळी ते मोठे धाडसच होते.

याच इतिहासातील एक वर्ष विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे : 1897. पुण्यात प्लेग पसरला असता सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्यातच प्लेगची लागण होऊन 10 मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरकारने साथरोग कायदा केला. आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा आणि त्या कायद्यान्वये काम करणाऱ्यास दाव्यापासून संरक्षण त्यात होते. परंतु शुश्रूषा करणाऱ्यावर हात उगारणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा नव्हती. ती तरतूद व्हावयास 2020 साल उजाडावे लागले. मध्यंतरी 123 वर्षे गेली. आपल्या मध्यप्रदेशाने 2008 साली वैद्यकीय सेवकांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता, हेही नमूद केले पाहिजे.

कायद्याची गरज का पडली, हे परिचारिकेचा दिनक्रम पाहिला म्हणजे उमगते. पाळी सुरू होताच ती प्राणवायूचे सिलिंडर, सक्शनचे यंत्र आणि तातडीच्या औषधांचा ट्रे तपासते, कारण रुग्ण आल्यावर शोधाशोध करण्यास अवसर नसतो. एकाच वेळी तिघे आले तर आधी कोणाकडे वळावयाचे, हे तिला क्षणात ठरवावे लागते. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेला रुग्ण अधिक धोक्यात असू शकतो, हे ती जाणते. नातलग जाणत नाहीत, आणि तेथेच वादाला तोंड फुटते. सातपुड्याच्या पायथ्याशी सर्पदंश नवा नाही. अशा रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर विष रक्तात भिनल्याची खूण समजावी. कीटकनाशक प्यायलेल्याला ॲट्रोपिन देत असताना त्याच्या बाहुल्या, नाडी आणि श्वास तिला पुनःपुन्हा पाहावे लागतात. पोलीस केस असेल तर आल्याची वेळ, कपडे आणि बाटली यांची नोंद चोख हवी. पुढे न्यायालयात तीच उपयोगी पडते. पुष्कळ सरकारी रुग्णालयांत रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची असते. मृताच्या आईजवळ दोन शब्द बोलून लगेच पुढच्या खाटेकडे वळावे लागते. स्वतः रडण्यासाठी तिला सवड नसते.

या तत्परतेची कसोटी 26 नोव्हेंबर 2008 रोजी कामा रुग्णालयात लागली. दहशतवादी आवारात शिरले, तेव्हा अंजली कुलथे गर्भवतींच्या कक्षात रात्रपाळीवर होत्या. तो अपघात विभाग नव्हता. परंतु संकट दार निवडून येत नाही. त्यांनी दारे लावून घेतली आणि वीस गर्भवतींना आतल्या छोट्याशा पँट्रीत हलविले. रक्तदाब वाढलेल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा गोळीबार चालू असतानाच तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिकक्षापर्यंत नेले. पुढे कसाबला ओळखण्यासाठी न्यायालयात जाताना त्यांनी आपला गणवेश घालण्याची अनुमती मागितली. डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यांची कहाणी ऐकली. कामा रुग्णालय ज्या हेतूने उभे राहिले, तो त्या रात्री एका परिचारिकेने सांभाळला.

अशी रात्र क्वचितच येते. बाकीच्या हजारो रात्री कोणी लिहून ठेवत नाही. 2020 मध्ये आपण टाळ्या वाजविल्या, ते योग्यच झाले. परंतु खाटा अधिक आणि हात थोडे, ही स्थिती टाळ्यांनी पालटत नाही. रिक्त पदे भरली जावीत, रात्रपाळीला सुरक्षित वाहन आणि विसाव्याची खोली असावी, या मागण्या फार मोठ्या नाहीत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे पंचायतीत, शासनात अथवा रुग्णकल्याणाच्या कामात असतील, त्यांनी त्या लावून धराव्यात. आणि घरातील मुलगी वा मुलगा परिचर्येच्या शिक्षणास जावयाचे म्हणाला, तर काशीबाईंच्या काळचे आक्षेप आपण पुन्हा उच्चारू नयेत, एवढीच माझी विनंती आहे.