चौथी सीट

मुंबईच्या लोकलमधला सेकंड क्लासचा बाक तिघांसाठी बनवलेला असतो. रेल्वेच्या हिशोबात त्यावर तीनच प्रवासी बसतात. गर्दीच्या वेळी मात्र चौथा माणूस येतो, कडेला बसलेल्याच्या खांद्याला हलकेच हात लावतो, आणि तिघेही एक शब्द न बोलता खिडकीकडे सरकतात. चौथ्याला मिळते ती वीतभर जागा. अर्धे अंग बाकावर, अर्धे पॅसेजमध्ये, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा धक्का त्याच्या गुडघ्याला. तरी तो बसलेला असतो, आणि तासाभराच्या प्रवासात हा फरक फार मोठा असतो. या जागेला सगळी मुंबई ‘चौथी सीट’ म्हणते. रेल्वेच्या आराखड्यात ती नाही, पण ती नाकारणाऱ्याकडे डब्यातले सगळे वळून बघतात.

याच डब्यात दुसरी एक रीत चालते. उभा असलेला प्रवासी बसलेल्याला विचारतो, “कुठे उतरणार?” उत्तर ‘घाटकोपर’ आले की घाटकोपरनंतर ती जागा विचारणाऱ्याची. मागाहून कोणी तोच प्रश्न घेऊन आला, तर बसलेला माणूसच त्याला सांगतो, “सांगितलेली आहे.” महिलांच्या डब्यात ही पद्धत आणखी काटेकोर असते. दादरला उतरणारीची जागा एकीने मागून ठेवलेली असते. ती पुढे मुलुंडला उतरणार म्हणून तिची जागा तिसरीने, अजून ती बसलेलीही नसताना, मागून ठेवलेली असते. कागदावर काही नाही, टीसी मध्ये पडत नाही, तरी हा तोंडी व्यवहार बहुतेक वेळा पाळला जातो.

हे शिष्टाचार जागेच्या टंचाईतून आले, आणि ती टंचाई रेल्वेइतकीच जुनी आहे. जागेवर मालकी सांगणारी, दुसऱ्याला दारातच अडवणारी दांडगाईही त्याच टंचाईतून आली. म्हणून दोन्हींचा इतिहास एकत्रच सांगावा लागतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा जागेचा प्रश्नच नव्हता. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि ओढायला तीन इंजिने. गाडी सर्वांसाठी खुली झाली आणि प्रवासी वर्गांमध्ये विभागले गेले. त्यांत तिसऱ्या वर्गाने जाणारे संख्येने सर्वांत जास्त, आणि त्यांच्या वाट्याला आलेली सोय सर्वांत कमी. एकोणिसाव्या शतकात काही गाड्यांना तर बाकडीच नसलेले डबे जोडले जात. गरीब प्रवाशाला बसायला काही लागते, हेच कंपन्यांना पटायला वेळ लागला.

सरकारने १८९० मध्ये रेल्वे कायदा केला, त्यातली जागेविषयीची कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. प्रत्येक कंपार्टमेंटमध्ये जास्तीत जास्त किती प्रवासी बसतील हे ठरवून तो आकडा डब्यावर दिसेल असा लिहावा, असे एक कलम सांगत होते. दुसऱ्याने भांडणाच्या दोन्ही बाजू धरल्या होत्या. डबा भरलेला असताना आत शिरून बाहेर पडायला नकार देणाऱ्याला दंड, आणि राखीव नसलेल्या डब्यात येऊ पाहणाऱ्याला अडवणाऱ्यालाही दंड. दोघांनाही कमाल २० रुपये. तिसऱ्या कलमाने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचे निदान एक कंपार्टमेंट फक्त स्त्रियांसाठी ठेवणे बंधनकारक केले. लोकलच्या ‘लेडीज डब्या’ची कायदेशीर मुळे अशी १८९० पर्यंत जातात.

कायदा एक सांगत होता आणि डब्यात दुसरेच चालले होते. त्याची लेखी साक्ष गांधीजींनी दिली. दक्षिण आफ्रिकेत १८९३ मध्ये पहिल्या वर्गाचे तिकीट हातात असताना, केवळ रंगामुळे, त्यांना पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर गाडीतून उतरवण्यात आले होते. भारतात परतल्यावर ते ठरवून तिसऱ्या वर्गाने फिरले आणि सप्टेंबर १९१७ मध्ये रांचीहून त्यांनी त्या अनुभवांवर एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात मुंबई ते मद्रास प्रवासाचे वर्णन आहे. भाडे तेरा रुपये नऊ आणे, डब्यावर लिहिलेला आकडा २२. पुण्यापर्यंत तो आकडा ओलांडला गेला नाही, याचे कारणही गांधीजी सांगतात: आतल्या धीट प्रवाशांनी बाहेरच्यांना आत येऊच दिले नाही. रायचूरनंतर ही फळी मोडली. पुढे बराचसा प्रवास त्याच डब्यात ३५ माणसांनी केला, कोणी घाणीत जमिनीवर पडून, कोणी उभ्याने. रेल्वेचे नोकर आले तेही आणखी माणसे कोंबायलाच. एकदा हातघाईवर आलेले भांडण काही वडीलधाऱ्या प्रवाशांनी मध्ये पडून थांबवले.

आजची लोकल ओळखू यावी इतके सगळे त्या वर्णनात आहे. दारात उभे राहून बाहेरच्याला थोपवणारे आहेत, आणि डब्यातला तंटा डब्यातच मिटवणारी जाणती माणसेही आहेत. नाही ती रेल्वे. जागा विकून ती मोकळी झाली होती.

मात्र त्याच काळात रेल्वेच्या तिकिटाचे मोल किती मोठे होते, हे स्टेशनच्या बाहेर पडल्यावर कळत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९०१ सालची एक आठवण लिहून ठेवली आहे. लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघाली. आयुष्यातला पहिलाच रेल्वेप्रवास, त्यामुळे मुले हरखून गेलेली. मसूर स्टेशनवर उतरेपर्यंत कोणी त्यांना अडवले नाही. उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची, आणि गाडीवान बरोबर चालत येणार. पुढे १९२९ मध्ये, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून फिरत असताना, चाळीसगावच्या टांगेवाल्यांनीही बाबासाहेबांना नेण्याचे नाकारले. टांगा मिळाला पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने, कधी टांगा हाकलेला नसताना, लगाम हाती घेतला. मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

शेजारी कोण बसणार हे ठरवण्याचा हक्क आपलाच, अशी समजूत ज्यांच्या हाडीमाशी भिनली होती त्यांच्यापर्यंत रेल्वेचा कायदा पोचतच नव्हता. रेल्वेच्या बाकावर निदान कायद्याच्या भाषेत तरी जात नव्हती. चौथी सीट मागणाऱ्याला आज कोणी आडनाव विचारत नाही, ही गोष्ट म्हणूनच साधी नाही.

वर्गांची भिंत मात्र उभीच राहिली. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर दख्खनची राणी धावू लागली, तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. स्वातंत्र्यानंतर, १ जानेवारी १९४९ ला, तिचा पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसऱ्या वर्गाचा प्रवासी या गाडीत बसला तो जून १९५५ मध्ये, गाडी सुरू झाल्यानंतर तब्बल पंचवीस वर्षांनी. एप्रिल १९७४ मध्ये तिसऱ्या वर्गाचे नाव बदलून दुसरा वर्ग झाले. पुढे हीच गाडी नोकरीसाठी रोज पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या पासधारकांची झाली. त्यांच्यासाठी वेगळे डबे आले, आणि त्या डब्यांतून रोजच्यांच्या ठरलेल्या जागा आल्या. वाढदिवस, निवृत्तीचे निरोप, दसऱ्याची डब्याची पूजा असा संसार जिथे मांडला जातो, तिथे कधीतरी येणाऱ्याला ‘ही जागा आमच्या माणसाची’ हे वाक्यही ऐकावे लागते.

उपनगरांत ही कथा अधिक तीव्र झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची लोकल धावली, ती चार डब्यांची होती. तेव्हापासून गाडी नऊ, बारा आणि काही फेऱ्यांत पंधरा डब्यांपर्यंत वाढली, पण उपनगरे तिच्यापेक्षा वेगाने वाढली. डोंबिवली, नालासोपारा, विरार, बदलापूर इथे परवडणारे घर मिळाले आणि त्याची उरलेली किंमत रोज लोकलमध्ये उभे राहून फेडावी लागली. चौरस मीटरमागे १४ ते १६ उभे प्रवासी, अशी या गर्दीची मोजणी खुद्द रेल्वेच करते.

अशा गर्दीत जागा मिळवण्याच्या युक्त्या निघाल्या. नालासोपाऱ्याचा प्रवासी चर्चगेटला जाण्यासाठी आधी उलटा विरारला जातो आणि बसूनच परततो. मग विरारला फलाटावर थांबलेला प्रवासी चिडतो, कारण गाडी त्याच्या स्टेशनात येते तीच भरलेली. दोघांकडेही पास असतो, दोघेही दमलेले असतात. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला दारातले लोक उतरू देत नाहीत, हे भांडणही असेच जुने आहे. लांब जाणाऱ्यांना वाटते की जवळच्यांनी त्यांच्या गाडीत चढूच नये. आणि त्यांच्या रागाला आधार नाही असे म्हणता येत नाही, कारण जवळच्यांसाठी दुसऱ्या गाड्या असतात आणि विरारकरांसाठी मोजक्याच.

ग्रुप ही याच गर्दीने घडवलेली संस्था. त्याच गाडीत, त्याच डब्यात, त्याच दाराशी वर्षानुवर्षे भेटणारी माणसे. भजनी मंडळे यांतूनच उभी राहिली, आजारपणात धावून जाणारी मैत्री यांतूनच झाली. ग्रुपच्या आत जागावाटपाचा न्यायही चोख असतो: अर्ध्या वाटेत बसलेला उठतो आणि उभ्याला बसवतो. पण हा न्याय ग्रुपच्या वेशीपाशी थांबतो. बाकावर बॅग किंवा रुमाल ठेवून पुढच्या स्टेशनवरच्या मित्रासाठी जागा धरणे आणि नवख्याला दमदाटी करून उठवणे हेही ग्रुपच करतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याने, १८९० च्या जुन्या कलमाला धरून, राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्याला अडवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड सांगितला. रेल्वे सुरक्षा दल अधूनमधून अशा टोळक्यांवर कारवाईही करते, आणि काही दिवसांनी रुमाल पुन्हा बाकावर दिसतो.

रुमालाची सत्ता एसटीतही चालते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे एसटीने जागेचे हक्क थेट सीटजवळ रंगवून ठेवले: महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, आमदार. पण यात्रेच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत फलाटाला गाडी लागायच्या आत खिडकीतून टोपी, पिशवी, कधी लहान मूलसुद्धा आत जाते, आणि जागा त्याची होते. दारातून रीतसर चढलेली म्हातारी मात्र दांडी धरून उभी राहते. तिच्यासाठी उठणारा कोणी ना कोणी बहुधा निघतो. पण तिचे बसणे त्याच्या भलेपणावर अवलंबून राहते.

स्त्रियांनी या भलेपणावर विसंबणे सोडले, म्हणून त्यांच्या जागा वाढल्या. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पूर्णपणे महिलांची लोकल सुरू झाली. नोकरी करणाऱ्या बायका महिलांच्या डब्यात मावेनाशा झाल्या होत्या. त्या डब्यातली उतरण्याच्या स्टेशनची विचारपूसही त्यांच्या दिवसाला बांधलेली आहे. पहाटे उठून डबे भरून निघालेली बाई परतीच्या वाटेवर बसायला मिळाले की शेंगा सोलते, भाजी निवडते, आणि तिच्या जागेची पुढची हक्कदार कोण हे तिला पाठ असते.

मेट्रोने हे सगळे पुसून टाकले. ८ जून २०१४ पासून धावणाऱ्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत लोकलसारखे आडवे बाक नाहीत. सीट भिंतीला लागून, मधली सगळी जागा उभ्यांची. तिथे चौथी सीट संभवतच नाही, आणि स्टेशनेही इतकी जवळजवळ की जागा मागून ठेवण्याची गरज फारशी पडत नाही. ११ किलोमीटरच्या प्रवासाला ही रचना योग्यच आहे. विरारहून चर्चगेट मात्र ६० किलोमीटर आहे, कर्जतहून सीएसएमटी सुमारे १००, कसाऱ्याहून सुमारे १२०. नव्या लोकलचे डबे कसे असावेत हे ठरताना किती माणसे मावतील याचा आकडा नेहमी पुढे असतो. दोन तास उभ्याने येणाऱ्याला वाटेत बसण्याची पाळी कधी आणि कशी मिळणार, हा प्रश्न आजवर प्रवाशांनीच आपापसांत सोडवला. डबे बनवणाऱ्यांनी तो आता आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत विचारला पाहिजे, आणि त्या बैठकीला रोज चौथ्या सीटवर बसून येणारी काही माणसेही बोलावली पाहिजेत.