एकशेनऊ तास

या घटनाक्रमातल्या वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतल्या आहेत. आपल्याकडची वेळ हवी असेल तर साडेपाच तास पुढे मोजावे. वेळा मिनिटा-सेकंदापर्यंत सांगता येतात याचे श्रेय क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीला द्यायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका एआय सहायकाच्या जोडणीतून सातशेहून अधिक संस्थांच्या ग्राहक-नोंदी धोक्यात आल्या. क्लाउडफ्लेअर त्यांतलीच एक. घुसखोर कधी आला, त्याने काय चाळले आणि काय नेले, हे कंपनीने आपल्या नोंदींतून जुळवले आणि सगळ्यांसमोर ठेवले. स्वतःच्या घरातल्या चोरीचा इतका बारीक हिशेब क्वचितच कोणी देते.

त्याआधी

कंपन्यांच्या वेबसाइटवर उजव्या कोपऱ्यात संवादाची चौकट उघडते, "काय मदत करू?" असे विचारते. ड्रिफ्ट हे अशा एआय सहायकांतले एक प्रसिद्ध नाव, आणि या घटनेतला सहायक तोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेल्सलॉफ्ट या कंपनीने ते विकत घेतले.

पहिल्यांदा आलेल्या माणसाशी बोलणे सहायकाला जमते. अडचण येते ती तोच माणूस आठवड्याने परत आल्यावर. त्याला पुन्हा नाव, कंपनी, कामाचे स्वरूप विचारले तर तो वैतागून निघून जातो. म्हणून सहायकाला स्मृती हवी, आणि ग्राहकांची स्मृती अनेक मोठ्या कंपन्यांत सेल्सफोर्स या ग्राहक-नोंदींच्या यंत्रणेत असते: कोण ग्राहक, त्याच्याशी कोण बोलले, त्याने काय घेतले, कशाची तक्रार केली. मग दोन्ही जोडायचे. कंपनीचा अ‍ॅडमिन एकदा "परवानगी द्या"वर क्लिक करतो, सेल्सफोर्स सहायकाला एक टोकन देते, आणि तिथून पुढे ते टोकन दाखवले की दार उघडते. पासवर्ड विचारला जात नाही, मोबाइलवर ओटीपी येत नाही. सहायकाला रात्री-अपरात्री, सुटीच्या दिवशीही ग्राहक ओळखता आला पाहिजे, म्हणून ही परवानगी कोणी रद्द करेपर्यंत चालूच राहते.

शेकडो कंपन्यांची अशी टोकन ड्रिफ्टपाशी, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये ठेवलेली होती. शेकडो घरांच्या किल्ल्या एकाच शेजाऱ्याकडे असाव्यात, तसे. मँडियंट या सुरक्षा कंपनीच्या तपासात पुढे आले की मार्च ते जून २०२५ या काळात कोणीतरी सेल्सलॉफ्टच्या गिटहब खात्यात, म्हणजे कोड ठेवायच्या जागेत, ये-जा करत होते. त्याने कोड उतरवून घेतला, एक पाहुणा वापरकर्ता जोडला, आपल्या सोयीच्या स्वयंचलित प्रक्रिया लावल्या. नंतर तो ड्रिफ्टच्या क्लाउडमध्ये पोहोचला आणि टोकन घेऊन बाहेर पडला.

गूगलच्या तपासनीसांनी या घुसखोराला यूएनसी ६३९५ हा क्रमांक दिला, क्लाउडफ्लेअरच्या लोकांनी ग्रब-१ हे नाव. यापुढे ग्रबच म्हणू.

शनिवार, ९ ऑगस्ट, ११:५१ (चोरीला उरले १९१ तास)

क्लाउडफ्लेअरने दिलेले एक टोकन खरे आहे का, हे कोणीतरी तपासून पाहते. विचारणारे अवजार आपले नाव ट्रफलहॉग सांगते. कोडच्या ढिगाऱ्यात विसरलेले पासवर्ड आणि किल्ल्या शोधणारे हे मुक्त साधन सुरक्षेची कामे करणारेही रोज वापरतात. उत्तर येते ४०४: असे टोकन नाही. दिवसभरात अशा फसलेल्या विचारणा किती येत असतील! या एका ओळीला अर्थ आला तो पुढे, सगळे उलटे वाचत गेल्यावर.

मंगळवार, १२ ऑगस्ट, २२:१४ (उरले १०९ तास)

या वेळी टोकन दुसरे, सेल्सफोर्सने ड्रिफ्टला दिलेले, आणि ते चालते. क्लाउडफ्लेअरच्या सेल्सफोर्समध्ये ड्रिफ्टच्या जोडणीच्या नावाने लॉगिन होते. सेल्सफोर्सच्या लेखी हा ओळखीचाच पाहुणा आहे, रोज येणारा. ग्रब पहिला प्रश्न विचारतो तो अगदी साधा: इथे कोणकोणत्या प्रकारच्या नोंदी ठेवता? यादी मिळते.

क्लाउडफ्लेअरमध्ये कोणी फसवी मेल उघडली नव्हती, कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता. सेल्सफोर्सच्या मूळ यंत्रणेतही भोक सापडले नाही. दिलेली परवानगी खरी होती, ती फक्त दुसऱ्याच्या हातात होती.

इथे ओक्टा या कंपनीचे नाव घ्यावेच लागेल. त्याच मोहिमेत ओक्टाच्या सेल्सफोर्सवरही चोरलेले टोकन वापरून पाहिले गेले, आणि ते नाकारले गेले. त्या जोडणीने कोणत्या इंटरनेट पत्त्यांवरून यायचे हे ओक्टाने आधीच ठरवून दिले होते. टोकन बरोबर होते, पण पत्ता परका निघाला. सहायकाचे सर्व्हर कुठे आहेत हे माहीत असते, मग तो जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून आला तरी आत का घ्यायचा? एका सेटिंगचा हा प्रश्न असंख्य कंपन्यांनी विचारलाच नव्हता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त जिव्हारी लागणारी गोष्ट तीच आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट, १९:३३ (उरले ८८ तास)

ग्रब त्याच पत्त्यावरून परत येतो आणि या वेळी एकाच प्रकारावर थांबतो: केस. ग्राहकाने मदत मागितली की उघडणारे तिकीट म्हणजे केस. त्यात कोणकोणते रकाने आहेत, हे तो विचारून घेतो.

एवढ्या प्रकारांतून तिकिटेच का, याचे उत्तर तिकीट लिहिणाऱ्या माणसात आहे. रात्री दोन वाजता साइट बंद पडलेली असते, वरिष्ठांचे फोन येत असतात, आणि सपोर्टवाला विचारतो, "नेमका काय एरर येतोय?" मग ग्राहक हाताला लागेल ते चिकटवतो: अख्खा लॉग, सेटिंगची फाइल, कधी त्यातच पासवर्ड, कधी एपीआयची किल्ली. त्याचा विश्वास असतो की हे एका माणसाने वाचण्यासाठी आहे. काम झाले की तिकीट बंद होते, पण मजकूर राहतो. नाव-पत्त्याचे रकाने कंपनीने विचार करून आखलेले असतात. तिकिटाच्या मोकळ्या चौकटीत मात्र ग्राहक आपल्या घाईगर्दीत काहीही ठेवून गेलेला असतो, आणि ते तिथे आहे हे कोणालाच आठवत नाही.

वेबसाइटवर आलेल्याला ओळखून विक्रीच्या माणसाशी गाठ घालून द्यायला सहायकाला या चौकटीतले अक्षरही लागत नाही. त्याच्या टोकनला मात्र ती वाचता येत होती.

गुरुवार, १४ ऑगस्ट, ११:०९ (उरले ७२ तास)

मध्यरात्र उलटल्यापासून ग्रबचे मोजमाप चालू आहे. खाती किती, संपर्क किती. तिकिटांवर कोण कोण काम करते. ११:०९ ला तो खात्री करतो की ही चाचणीसाठीची नक्कल नसून खरी, चालती यंत्रणा आहे. एका दमात किती माहिती मागता येते याच्या मर्यादाही त्याला कळलेल्या आहेत.

त्यानंतर दोन दिवस शांतता.

शनिवार, १६ ऑगस्ट, १९:२६ (उरले १६ तास)

एकच विचारणा: एकूण केस किती? आकडा घेऊन तो निघून जातो.

रविवार, १७ ऑगस्ट, ११:११:२३

सॅन फ्रान्सिस्कोत, जिथे क्लाउडफ्लेअरचे मुख्यालय आहे, पहाटेचे सव्वाचार वाजायला आले आहेत. पुण्यात दुपारचे पावणेपाच. ग्रब या वेळी नव्या पत्त्यावरून येतो आणि केसची मोजणी पुन्हा करतो.

११:११:५६

सेल्सफोर्समध्ये मोठ्या प्रमाणात माहिती बाहेर काढण्याची अधिकृत सोय आहे, बल्क एपीआय. वार्षिक अहवाल, दुसऱ्या यंत्रणेत स्थलांतर अशा कामांसाठी ती असते. ग्रब तिलाच काम सोपवतो: सगळ्या केसमधला मजकूर द्या. तीन मिनिटांहून थोड्या अधिक वेळात तिकिटांचा विषय, पत्रव्यवहार, ग्राहकाचा ईमेल, फोन, कंपनीचे नाव आणि देश त्याच्या हातात येतात. जोडलेल्या फाइली तेवढ्या बचावल्या.

चार दिवसांची रेकी आणि तीन मिनिटांची चोरी. रोज एकेक ग्राहक पाहणारा सहायक एका रविवारी, परक्या पत्त्यावरून, सगळ्यांचाच पत्रव्यवहार एकदम मागतो, यात खटकण्यासारखे पुष्कळ होते. त्या तीन मिनिटांत ते कोणालाही खटकले नाही. माणसाच्या लॉगिनवर आपण डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतो. नवे शहर, नवा लॅपटॉप दिसला की इशारे वाजतात. यंत्रांच्या नावाने दिलेल्या लॉगिनवर तेवढे लक्ष ठेवण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही. हे बदलावे असे मला मनापासून वाटते, कारण येत्या काळात ग्राहकांच्या नोंदी वाचणारी लॉगिन मुख्यतः यंत्रांचीच असणार आहेत.

११:१५:४२

ग्रब ते सोपवलेले काम यादीतून पुसतो. मुख्य पुरावा गेला. मागे उरलेल्या तुटक नोंदींतून क्लाउडफ्लेअरच्या लोकांनी पुढे हे सगळे जुळवले.

त्यानंतरचे दिवस

१७ तारखेनंतर तीन दिवस काहीच हलत नाही. बुधवारी, २० ऑगस्टला, सेल्सलॉफ्ट ड्रिफ्ट आणि सेल्सफोर्समधल्या सगळ्या जोडण्या रद्द करते. क्लाउडफ्लेअरला आपल्याकडे काय घडले याची खबर मिळते २३ ऑगस्टला, चोरीनंतर सहा दिवसांनी.

२६ तारखेला गूगलचे तपासनीस मोहीम उघड करतात: ८ ते १८ ऑगस्ट, अनेक संस्था, आणि नेलेल्या मजकुरात अ‍ॅमेझॉनच्या किल्ल्या, पासवर्ड, स्नोफ्लेक या डेटा-साठवणुकीच्या सेवेची टोकन यांचा शोध. ग्राहकांची यादी म्हणजे चोरासाठी पुढच्या दारांचा साठा होता. दोन दिवसांनी गूगल आणखी गंभीर गोष्ट सांगते. धोका फक्त सेल्सफोर्सच्या जोडणीला नाही. ड्रिफ्टच्या ईमेल जोडणीतून काही थोडी गूगल वर्कस्पेस खातीही ९ ऑगस्टला उघडली गेली होती. ड्रिफ्टला जोडलेले प्रत्येक टोकन फुटले असे धरा, असा सल्ला निघतो.

मग नावे येऊ लागतात: झेडस्केलर, पालो आल्टो नेटवर्क्स, प्रूफपॉइंट, टेनेबल, क्वालिस. दुसऱ्यांची सुरक्षा सांभाळणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या या कंपन्या. क्वालिसची मोठी कचेरी पुण्यात आहे.

क्लाउडफ्लेअरने चोरीस गेलेला मजकूर स्वतः शोधून पाहिला. त्यात आपणच ग्राहकांना दिलेली १०४ एपीआय टोकन सापडली. त्यांचा गैरवापर झाल्याचे दिसले नाही, तरी सगळी बदलली. सेल्सलॉफ्टची सॉफ्टवेअर काढून टाकली. २ सप्टेंबरला बाधित ग्राहकांना कळवले आणि सार्वजनिक निवेदनात लिहिले की साधने आम्ही निवडली, त्यामुळे जबाबदारी आमची. ५ सप्टेंबरला सेल्सलॉफ्टने ड्रिफ्टच तात्पुरते बंद केले आणि असंख्य वेबसाइटच्या कोपऱ्यातली ती चौकट नाहीशी झाली.

ग्राहकांसाठी मात्र काम तिथे सुरू झाले. मदतीच्या तिकिटांतून आम्हाला जे काही पाठवले असेल, लॉग, टोकन, पासवर्ड, ते सगळे फुटले असे समजा आणि बदला, असे क्लाउडफ्लेअरने कळवले होते. म्हणजे ज्याने कधीतरी रात्री दोन वाजता घाईत काहीतरी चिकटवले होते, त्याने आता आपली जुनी तिकिटे उघडायची, एकेक उत्तर वाचायचे, आणि त्या रात्री आपण नेमके काय लिहून बसलो होतो ते शोधायचे. जो मधल्या काळात नोकरी सोडून गेला, त्याची तिकिटे दुसऱ्या कोणीतरी वाचायची.