आज्ञासंचाचे प्रकाशन व त्याचे बंधन

संगणकासाठी एकाने रचलेला आज्ञासंच दुसऱ्याने केवळ नाव व आवृत्ती सांगून उतरवून घ्यावा, या हेतूने सार्वजनिक भांडारे निर्माण झाली. पर्ल भाषेचे ‘सीपॅन’ १९९५ मध्ये, तर पायथनचे ‘पायपीआय’ २००३ मध्ये सुरू झाले.

प्रकाशनानंतर कर्त्याचा अधिकार कितपत उरतो, हा प्रश्न मार्च २०१६ मध्ये ऐरणीवर आला. जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ भांडारातून ‘लेफ्टपॅड’ हा अवघ्या ११ ओळींचा संच कर्त्याने काढून घेताच त्यावर विसंबलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. भांडारचालकांनी तो पुनः स्थापित केला व पुढे संच मागे घेण्यावर निर्बंध घातले. पायपीआयवरही एकदा चढविलेल्या फाइलचे नाव, ती काढून टाकली तरी, पुन्हा वापरता येत नाही. दुरुस्तीसाठी नवा आवृत्तिक्रमांक द्यावा लागतो.

मराठीपुरते पाहता, पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२३ मध्ये पुढे आणलेला ‘महाएनएलपी’ हा संच या संदर्भात लक्षणीय आहे. ‘महाबर्ट’ भाषाप्रारूपांवर आधारलेला हा संच पायपीआयवरून एका आज्ञेने मिळतो. त्यामुळे मजकुरातील भावनिर्णय किंवा विशेषनामांची ओळख यांची साधने प्रत्येक अभ्यासकास मुळापासून रचावी लागत नाहीत. परंतु पायथन व तिचे इतर संच सतत बदलत असल्याने, निगा न राखल्यास जुनी आवृत्ती भांडारात सुरक्षित असूनही नव्या यंत्रावर चालेनाशी होते. साधने मोजकी असलेल्या भाषेत ही हानी अधिक जाणवते. निकामी झालेल्या संचाची जागा घेण्यास दुसरा सहसा नसतो. भांडारात चढविलेली पहिली आवृत्ती म्हणूनच दीर्घ उत्तरदायित्वाचा आरंभ ठरते.