हुगळीकाठचे श्रीरामपूर : एका गिरणीगावाची कहाणी

श्रीरामपूर म्हटले की मराठी माणसाला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले, ऊस आणि साखरेचे श्रीरामपूर आठवते. मला लिहावयाचे आहे ते त्याच नावाच्या एका बंगाली गावाविषयी. कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम काठावर ते वसले आहे. इंग्रजी दप्तरांतील त्याचे नाव सेरामपूर. आज ते नगरपालिकेचे आणि उपविभागीय मुख्यालयाचे शहर असले, तरी नदीकाठच्या जुन्या रस्त्यांवर अजून गावपणच जाणवते.

सरकारी नोकरीत ज्यूटच्या पोत्यांसंबंधीचे कागद हाताखालून जाऊ लागले, तेव्हा या गावाकडे माझे लक्ष गेले. पुढे कामानिमित्त कोलकात्यास जाणे झाले की सवड काढून मी तिथे फिरून येत असे. जसजसे वाचत गेलो, तसतशी एक गोष्ट स्पष्ट होत गेली. या गावाचे दैव वारंवार दूरच्या कोणाच्या तरी सहीने ठरले आहे, आणि त्या सहीचे परिणाम मात्र इथल्या माणसांनी निस्तरले आहेत. प्रशासनात काम करणाऱ्याने ही कहाणी समजून घेण्यासारखी आहे.

पहिला कागद १७५५ सालचा. बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने डॅनिश व्यापारी कंपनीला येथे वखार घालण्याचा परवाना दिला. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या नावावरून वसाहतीचे नाव पडले फ्रेडरिक्सनगर. डॅनिशांचे बळ ते किती! पण युरोपात इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांशी झुंजत असताना तटस्थ देशाच्या झेंड्याला मोल आले. मालवाहतूक डॅनिश जहाजांतून होऊ लागली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्याच नोकरांनी आपली खाजगी कमाई मायदेशी धाडण्यासाठी हा मार्ग वापरला. कलकत्त्याचे कर्जबाजारी लोकही अटक टाळण्यासाठी नदीच्या या काठाला येऊन राहत.

याच आश्रयाचा लाभ बॅप्टिस्ट मिशनऱ्यांना मिळाला. कंपनी आपल्या मुलखात त्यांना थारा देईना, तेव्हा १७९९ साली डॅनिश गव्हर्नर ओले बी याने मार्शमन आणि वॉर्ड यांना ठेवून घेतले. १८०० च्या जानेवारीत विल्यम कॅरे त्यांना येऊन मिळाला. कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी ठशांत छापलेला मराठी शब्दकोश १८१० साली याच गावातून बाहेर पडला. मुंबई-पुण्यात मराठी छापखाने रुजण्यापूर्वी मराठी पुस्तके बंगालमध्ये छापली जात होती! त्या कामी फोर्ट विल्यम कॉलेजातील पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य होते. छापखान्याचे ठसे घडविण्याची परंपरा उभी केली ती पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने. घरापासून दूर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना या गावाविषयी आपुलकी वाटावी, यास एवढे कारण पुरे आहे.

छपाईला कागद लागतो. देशी कागदाला तांदळाची खळ दिलेली असे, आणि त्यावर वाळवी व किडे तुटून पडत. म्हणून मिशनऱ्यांनी स्वतःची कागद गिरणी उभारली. आरंभी ती माणसांनी पायांनी फिरवावयाच्या चक्रावर चाले. त्या चक्रावर एका मजुराचा अपघाती मृत्यू झाला आणि त्यानंतर इंग्लंडहून वाफेचे यंत्र मागविण्यात आले, असे मिशनच्या इतिहासात नमूद आहे. १८२० साली ते यंत्र सुरू झाले. भारतातील अगदी आरंभीच्या वाफयंत्रांत त्याची गणना होते, आणि ते पाहण्यासाठी लोक लोटत. ‘श्रीरामपुरी कागद’ पुढे कचेऱ्यांतून सर्वत्र परिचित झाला. यंत्राची तारीख इतिहासाने जपली, मजुराचे नाव मला कोठे आढळले नाही. गिरणीगावांच्या इतिहासाची ही जुनी रीत आहे.

दुसरा कागद विक्रीखताचा. १८४५ साली डेन्मार्कच्या राजाने भारतातील आपली ठाणी, म्हणजे दक्षिणेतील तरंगमबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर, साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकली. एखादे घर विकावे तसे गाव विकले गेले. रहिवाशांना कोणी विचारले नाही. मात्र त्या करारातील एक कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८१८ साली स्थापन झालेल्या श्रीरामपूर कॉलेजला डॅनिश राजाने १८२७ साली सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला होता. तो अधिकार करारात राखून ठेवण्यात आला, आणि त्याच सनदेच्या आधारे तिथे धर्मशास्त्राच्या पदव्या आजही दिल्या जातात. सत्तांतरात जे कलमात लिहिले जाते ते टिकते, बाकीचे नव्या धन्याच्या मर्जीवर राहते.

नवा धनी इंग्रज, आणि नवा धंदा तागाचा. १८५४ च्या ऑगस्टमध्ये हावड्याहून हुगळीपर्यंत रेल्वे सुरू झाली, ती श्रीरामपुरावरून. त्याच सुमारास क्रिमियाच्या युद्धामुळे रशियाचे अंबाडी-जवसाचे धागे दुर्मिळ झाले आणि स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्यांना बंगालचा ताग हवासा झाला. मग ताग पिकतो तिथेच का कातू नये? १८५५ साली जॉर्ज ॲकलंड याने विश्वंभर सेन या बंगाली भांडवलदाराच्या साथीने, श्रीरामपूरला लागूनच असलेल्या रिषडा येथे भारतातील पहिली तागाची गिरणी काढली. १८६६ च्या सुमारास खुद्द श्रीरामपुरात इंडिया ज्यूट मिल उभी राहिली. बंगालीत अशा गिरणीला ‘चटकल’ म्हणतात. चट म्हणजे गोणपाट, कल म्हणजे यंत्र.

नदीकाठाचे गणित सरळ होते. पूर्व बंगालचा ताग नावांतून थेट गिरणीच्या घाटाला लागे, राणीगंजचा कोळसा रेल्वेने येई, आणि तयार माल कलकत्ता बंदरात पोहोचे. ताग राठ असतो. तो तेल-पाण्याच्या मिश्रणाने मऊ करायचा, मग पिंजायचा, ओढायचा, कातायचा, विणायचा आणि शेवटी पोती शिवायची. या सगळ्या खात्यांतून उडणाऱ्या तुसात माणसे दिवस काढीत. प्रारंभी कामगार आसपासचे बंगाली होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, ओडिशा आणि आंध्रातून मजुरांचे लोंढे येऊ लागले. भरती सरदारामार्फत होई. गिरणीत लावून देणारा तोच, दस्तुरी घेणाराही तोच. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत जॉबर होता, तसाच हा. मालकांनी १८८४ साली आपली संघटना बांधली आणि भाव पडू नयेत म्हणून संगनमताने कामाचे तास कमी करण्याचे करार केले. त्या करारांत मजुराच्या बुडालेल्या मजुरीचा विचार नव्हता, हे सांगणे नलगे.

आज या गावातून फिरताना हे सारे थर एका तासाच्या चालीत भेटतात. १८०६ साली पूर्ण झालेल्या सेंट ओलाव्ह चर्चचा मनोरा, कॉलेजची स्तंभांची भव्य इमारत, नदीपलीकडे बराकपूरची झाडी आणि तिकडे जाणारी होडी. माहेश भागात जगन्नाथाची रथयात्रा भरते. तिथला सध्याचा लोखंडी रथ १८८५ सालचा आहे, आणि बंकिमचंद्रांच्या ‘राधाराणी’ या कथेची सुरुवात याच जत्रेत होते. गिरणीच्या बाजूस वळलो की दुकानांत भोजपुरी कानी पडते, पुढच्या गल्लीत तेलुगू. या गावाचे खरे सौंदर्य मला या शेजारात वाटते. त्यांना आणले गिरणीने, पण गावाला आपले मानले ते त्यांनी स्वतः.

तिसरा कागद दिल्लीचा. १९४७ च्या फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या आणि तागाची बहुतांश शेते पूर्व पाकिस्तानात गेली. १९४९ साली भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि कच्च्या तागाचा व्यापार ठप्प झाला. ती जखम पश्चिम बंगाल, बिहार, आसामच्या शेतकऱ्यांनी ताग पिकवून भरून काढली, तोच कृत्रिम धाग्याच्या स्वस्त पिशव्या आल्या. शेवटी १९८७ साली संसदेने ताग-वेष्टनाच्या सक्तीचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो वैध ठरविला. सुरुवातीस सिमेंट व खतेही या सक्तीत होती, पुढे ती वगळली गेली. अलीकडच्या वर्षांत अन्नधान्यासाठी शंभर टक्के आणि साखरेसाठी वीस टक्के असे प्रमाण राहिले आहे. म्हणजे आपल्या श्रीरामपूरची काही साखर या श्रीरामपूरच्या पोत्यात भरली जाणे अगदी शक्य आहे!

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या सक्तीचे दोष दिसतात. हमखास गिऱ्हाईक मिळाले की यंत्रे बदलण्याची घाई राहत नाही. जुनेच पोते जुन्याच मागावर विणले जाते आणि अधिक किमतीचा भार अखेर धान्याच्या अनुदानावर पडतो. परंतु सक्ती उठवा म्हणणे सोपे आहे. या आदेशावर लाखो तागशेतकरी आणि गिरणीकामगार उभे आहेत. आणि सक्ती असूनही चटकलीच्या फाटकावर ‘काम स्थगित’ची नोटीस लागायची ती लागतेच. मजुराचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी थकते ती थकतेच. सक्तीचे संरक्षण मालाला मिळाले, माणसाला मिळाले नाही.

म्हणून १८४५ च्या त्या कलमाची मला पुन्हा आठवण होते. आदेश दरवर्षी काढण्याऐवजी काही वर्षांसाठी निश्चित करावा, आणि त्यातच यंत्रांच्या नूतनीकरणाची व थकीत देणी चुकती करण्याची अट लिहावी. जी गिरणी अट पाळील तिलाच पोत्यांची मागणी मिळावी. कॉलेजसाठी एक ओळ लिहिता आली, तर कामगारासाठीही लिहिता येईल.

आणखी एक काम आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या साहाय्याने येथील डॅनिश वास्तू जतन झाल्या. सेंट ओलाव्ह चर्चच्या जीर्णोद्धाराला २०१६ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. १७८६ ची डेन्मार्क टॅव्हर्न २०१८ साली पुन्हा उघडली. हे उत्तमच झाले. पण डॅनिश येथे नव्वद वर्षे होते, आणि चटकली त्याहून कितीतरी अधिक काळ आहेत. गिरण्यांचे हजेरीपट, मजुरीची पुस्तके आणि कामगार वस्त्यांच्या आठवणी आताच गोळा केल्या पाहिजेत. कागद गिरणीच्या चक्रावरील त्या मजुराचे नाव आपल्याला आता मिळावयाचे नाही. त्याच्यानंतर आलेल्यांची नावे अजून हजेरीपटांवर असतील. ती वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी वाचवणे आपल्या हाती आहे.