देशाचा ठेवा

डिसेंबर १९६०मध्ये मोझांबिकचा एक १८ वर्षांचा मुलगा लिस्बनच्या विमानतळावर उतरला. त्याला आणणाऱ्या बेनफिका क्लबने त्याला सांकेतिक नाव दिले होते 'रूथ', म्हणजे चक्क मुलीचे. लोरेन्सु मार्किशमध्ये (आजचे मापुतो) तो ज्या संघाकडून खेळे, तो लिस्बनच्याच 'स्पोर्टिंग'ची शाखा. त्यामुळे स्पोर्टिंगचाही त्याच्यावर दावा होता. मुलगा पळवला जाऊ नये म्हणून बेनफिकाने त्याला दक्षिणेच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात दडवून ठेवले. नोंदणीचा वाद मिटायला मे १९६१ उजाडला. वडील कधीच वारलेले. सौदा ठरला तो विधवा आईशी.

हा मुलगा म्हणजे युसेबिओ. फुटबॉलशौकीन ही हकिगत गमतीने सांगतात. मला मात्र तीत माल उतरवून घेण्याची घाई दिसते.

बेनफिका १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत परदेशी खेळाडू घेत नसे. पण मोझांबिकचा मुलगा परदेशी कुठे होता? १९५१मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींना, त्यात गोवाही आला, 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. १८ वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर फिफाने २००१मध्ये निर्बंध घातले. तो नियम तेव्हा असता, तरी वय आणि कागदोपत्री नागरिकत्व या दोन्ही कारणांनी युसेबिओच्या कामी आला नसता.

१९६१मध्ये अंगोलात उठाव झाला, त्याच वर्षी डिसेंबरात गोवा गेले, १९६४मध्ये मोझांबिकमध्येही युद्ध पेटले. आपले राष्ट्र बहुवंशीय आहे, हे जगाला पटवण्यासाठी सालाझारच्या राजवटीला फुटबॉल संघाइतका सोयीचा पुरावा दुसरा नव्हता. १९६६च्या विश्वचषकात पोर्तुगाल तिसरा आला. युसेबिओचे ९ गोल, आणि कर्णधार कोलुना, तोही मोझांबिकचाच. ज्यांच्या गावांवर सैन्य धाडले जात होते, त्यांच्याच मुलांच्या छातीवर पोर्तुगालचे बोधचिन्ह होते.

इटलीच्या क्लबांकडून युसेबिओला मागणी होती, पैसाही कितीतरी अधिक होता. सालाझारने जाऊ दिले नाही. कारण काय, तर हा देशाचा ठेवा आहे! गौरवाचा शब्द खरा, पण ठेवा म्हटले की मालक आलाच. दरम्यान, डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया होत राहिल्या आणि त्याच गुडघ्याने तो मैदानात उतरत राहिला.

एप्रिल १९७४मध्ये ती राजवट कोसळली. पुढच्या वर्षी जूनमध्ये मोझांबिक स्वतंत्र झाले आणि युसेबिओ बेनफिका सोडून अमेरिकेत बोस्टनच्या संघाकडे खेळायला गेला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.