बाजाराला नको असलेला आंबा

इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांत 'फ्रूट बटर' नावाचा एक प्रकार भेटतो. नावात लोणी असले तरी आत लोण्याचा थेंब नसतो. फळाचा गर मंद आचेवर लोण्यासारखा मऊ आणि दाट होईपर्यंत आटवायचा, एवढेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे शेतकरी सफरचंदाचे असे बटर तांब्याच्या मोठ्या हंड्यात करीत. हे वाचले की मला आमच्या अलिबागकडचा आटवलेला आमरस आठवतो.

मंडळी, हा रस कोणत्या आंब्याचा करीत, ठाऊक आहे? रायवळाचा!

हापूस हे नाव पोर्तुगीज 'अफोन्सो'वरून आले. गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी आंब्याची कलमे बांधली, असे मानतात. आमच्या रेवदंड्यालाही 1521 पासून 1740 पर्यंत पोर्तुगीजांचे ठाणे होते. कलमाचा गुण असा की झाडामागून झाड तेच फळ देते. एकसारखे, टिकाऊ, पेटीत भरून मुंबईला धाडण्याजोगे. रायवळ मात्र कोयीपासून उगवलेला. फळ लहान, साल पातळ, आत रेषा, आणि पिकायला लागला की सगळा एकदम! तो मुंबईपर्यंत टिकायचा कसा? म्हणून जो विकला जाई तो गावाबाहेर गेला आणि जो विकला जात नसे तो चुलीवर चढला.

आंब्याच्या रसात सुमारे चार पंचमांश पाणी असते. ते आटले, उरलेले साखरेने धरून ठेवले आणि फळाचा आंबटपणा जोडीला असला की बुरशीला वाव राहात नाही. 1960च्या दशकात माझ्या लहानपणी साखर रेशनकार्डावर मोजून मिळे. साखर कमी म्हणजे रस अधिक वेळ आटवणे आले. म्हणजे जळण जास्त आणि बायकांचे हात जास्त. पातेले कल्हईचे हवे, नाहीतर आंबट रस पितळेला लागून कळकतो. ढवळणे क्षणभर थांबले की रस तळाला लागे आणि ढवळत राहावे तर उकळते शिंतोडे मनगटावर. आई हाताला ओले फडके गुंडाळून बसायची. रस कडा सोडून गोळा होऊ लागला की उतरवायचा, निवल्यावर चिनी मातीच्या बरणीत भरून वर दादरा बांधायचा. पावसात मचवे बंद झाले, भाजीपाला दुर्मिळ झाला, की पोळीबरोबर हाच.

पुढे डबाबंद रस आला, मग फ्रीज आला. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. आनंदच आहे. रायवळाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी, पोफळी, आंबे... वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेल्या हापूसच्या जागी तोच हापूस पुन्हा लावता येतो. रायवळाचे तसे नाही. त्याचे प्रत्येक झाड वेगळे, त्याची चव दुसऱ्या झाडाला नाही आणि त्याची कोय पेरली तरी तीच चव येईल याची खात्री नाही. आमच्या परसातला बिटका आंबा त्या दिवशी गेला. त्याच्या रसाला बडीशेपेसारखा वास होता. तो आता कोठेही नाही.

उपाय साधा आहे. ज्या कलमाने रायवळाला मागे सारले, तेच कलम त्याला वाचवू शकते. झाड उभे आहे तोवर त्याची काडी घेऊन कोयकलम बांधून घ्यावे. रोपवाटिकावाल्याला हे काम नवे नाही, फक्त रायवळाची काडी घेऊन त्याच्याकडे कोणी जात नाही. तुमच्या परसात असा एखादा बिननावाचा आंबा असेल, तर यंदा रस आटवाच. पण त्याआधी त्याचे एक कलम बांधा.