खोली मोजली, गॅलरी राहिली

गिरगावातल्या गल्ल्यांची नावं एकदा सलग वाचून बघा. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. मुंबईचा नकाशा वाचतोय की मंडईतली यादी, असा प्रश्न पडतो. यातल्या 'भाट' या शब्दापाशी मी बराच वेळ अडलो होतो. गोव्यात नारळाच्या बागेला आजही भाट म्हणतात. म्हणजे जिथे आज फूटपाथवर पाय ठेवायला जागा नाही, तिथे कधीकाळी बागायत होती. झाडं गेली, पत्ते राहिले.

झाडं गेली कशी, याचं उत्तर पैशात आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात फोर्टची तटबंदी पाडली गेली. शहरात पैसा आला, त्यामागून माणसं आली. कोकणातून, देशावरून आलेल्या लिहित्या-वाचत्या मराठी माणसाला फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकुनी मिळत होती आणि गिरगाव तिथून पायी जाण्याच्या अंतरावर होतं. ट्रामचे पैसे वाचवणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट होती. बागेच्या मालकानेही हिशोब केला. नारळापेक्षा भाडं जास्त येतं. मग बागेत चाळी उठल्या.

चाळ ही मुळात भाडं गोळा करायची सोय होती. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त बिऱ्हाडं. साधारण दहा बाय बाराची खोली, पुढे सामायिक गॅलरी, टोकाला सामायिक संडास, खाली चौक. खोलीत सगळे मावत नसत म्हणून माणसं गॅलरीत आली. आपण ज्याला 'चाळसंस्कृती' म्हणतो, तिचा जन्म या अडचणीतून झाला. अभ्यास गॅलरीत, पापड गॅलरीत, भांडणं गॅलरीत आणि उन्हाळ्यात झोपही गॅलरीतच.

माझ्या आईचं माहेर फणसवाडीतल्या एका चाळीतलं. आजीच्या बोलण्यात 'आमची खोली' कमी आणि 'आमचा मजला' जास्त यायचा. तेव्हा मला ती बोलायची लकब वाटायची. आता वाटतं, आजी तिच्या घराचं माप सांगत होती.

या गर्दीतून जे उभं राहिलं ते थोडंथोडकं नाही. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. मुंबईतला हा सर्वांत जुना सार्वजनिक गणेशोत्सव. १९११मध्ये गिरगावातल्या एका तंबू थिएटरात दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट पाहिले आणि त्यांना आयुष्याचं काम सापडलं. दोन वर्षांनी, ३ मे १९१३ला, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' इथल्याच कोरोनेशन थिएटरात लागला. १९२०मध्ये लोकमान्य टिळकांवर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. १९३५मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला आणि पुढे केळेवाडीत त्याचं नाट्यगृह उभं राहिलं. २० नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात बोलणाऱ्या मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली, तीही याच चौपाटीवर.

ही यादी गिरगावकर अभिमानाने सांगतो. मला त्यामागची साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. माणसं एका हाकेच्या अंतरावर राहत होती. सभेला जायचं तर चप्पल घालून खाली उतरायचं, नाटकाला जायचं तर दोन गल्ल्या ओलांडायच्या. वर्गणी, तालीम, मोर्चा या सगळ्याचं निमंत्रण गॅलरीतून गॅलरीत जायचं.

पण या चित्रातून एक गोष्ट आपण नेहमी वगळतो. हाक सगळ्यांना नव्हती. कुठली चाळ कुणाची, कुठल्या वाडीत कुणाला खोली मिळते, हे जात आणि समाज ठरवत असे. खोताच्या वाडीत कौलारू, लाकडी जिन्यांची घरं बांधून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं राहिली, पलीकडे पाठारे प्रभूंची वस्ती, पुढे ब्राह्मणांच्या चाळी. १९१५मध्ये शेजारच्या गामदेवीत देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी गृहसंस्थांपैकी एक उभी राहिली, तिच्या नावातच 'सारस्वत' होतं. सहकार होता, पण आपल्या माणसांपुरता. शेजाराची ऊब खरी होती आणि ती कुणाला मिळणार हे आधीच ठरलेलं असायचं, हेही खरं.

आणि ऊबही सगळ्यांना सारखी नव्हती. चाळीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष. सामायिक संडासाच्या रांगेत पहाटे उभं राहणं, नळ जायच्या आत पाणी भरणं, पडद्यामागे कपडे बदलणं हे ज्यांच्या वाट्याला आलं, त्या बायकांना ब्लॉकमध्ये जायची घाई का होती, हे समजायला फार विचार लागत नाही.

मग इतकी वर्षं माणसं टिकली कशी? याचं उत्तर १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. या कायद्याने भाडी साधारण सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. महागाई वाढत गेली, भाडं जागच्या जागी राहिलं. ही खोली सोडली तर या पैशात मुंबईत दुसरी मिळणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे आजोबांची खोली वडिलांकडे, वडिलांची मुलाकडे आली. तीन-तीन पिढ्यांचे शेजारी तयार झाले ते असे. खोली विकता येत नव्हती, म्हणून पागडी आली. भाडेकरू बदलताना वरची रक्कम हातोहात द्यायची पद्धत. अनेक दशकं ती बेकायदाच चालली, तिला मान्यता मिळाली ती १९९९च्या कायद्यात.

पण ज्या भाड्याने माणसं टिकवली, त्याच भाड्याने भिंती खचवल्या. एवढ्याशा भाड्यात मालक दुरुस्ती कशाला करेल? इमारती पडू लागल्या. १९६९मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा 'उपकरप्राप्त' इमारती दक्षिण आणि मध्य मुंबईत मिळून सुमारे १९,६०० होत्या. लाकडी टेकू लावून वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या चाळी तुम्हीही पाहिल्या असतील.

तोवर मुलं मोठी झाली होती. कुणी पार्ल्याला गेलं, कुणी बोरिवलीला, कुणी डोंबिवलीला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी आज त्यांचीच पुढची पिढी नऊवारी नेसून, फेटे बांधून सकाळच्या लोकलने गिरगावात येते. गंमत म्हणजे या शोभायात्रांची सुरुवातच मुळी डोंबिवलीत झाली. गिरगाव सोडून गेलेल्यांच्या उपनगराने एक परंपरा तयार केली आणि ती गिरगावात परत आली.

आता चाळींच्या जागी टॉवर उठतायत. २०२५मध्ये गिरगावात जमिनीखाली मेट्रोचं स्थानकही सुरू झालं. पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमात जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मिळतं, मालकीचं, आत संडास असलेलं. याला नाकं मुरडायचा अधिकार बाहेरून फोटो काढायला येणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. आजीला असं घर मिळतं तर तिने पहिल्या दिवशी दार लावून निवांत अंघोळ केली असती.

माझी तक्रार मोजपट्टीबद्दल आहे. नियम खोली मोजतो. गॅलरी, जिना, चौक, ओटा यांचं क्षेत्रफळ कुणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून ते कुणालाच परत मिळत नाही. टॉवरमध्ये लॉबी असते, पण तिथे पापड वाळत नाहीत. पोडियमवर गाड्या उभ्या राहतात. गणपती बसतो, पण त्यासाठी आधी सोसायटीची परवानगी लागते.

तुमच्या घरी सध्या पुनर्विकासाची मीटिंग चालू असेल, तर नकाशा हातात आल्यावर कार्पेट एरिया जरूर बघा. मग बोट पुढे सरकवा. मजल्यावर दोन दारांच्या मध्ये किती जागा आहे? खाली गाडी उभी राहणार नाही असा मोकळा तुकडा आहे का? खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोण येतंय, कोण जातंय हे दिसेल का? हे प्रश्न सही करण्याआधी विचारता येतात. यावेळी दार लावायची सोय असलेली गॅलरी मागता येईल, आणि ती कुणासाठी उघडायची हे जात बघून ठरवायची गरज नाही.

फणसवाडीत फणस नाही, याची आपल्याला सवय झाली. नाव तेवढं उरलं. 'शेजारी' या शब्दाचंही तसंच होऊ शकतं.